पिवळ्या ठिपक्यांबद्दल थोडी भर
बरेच रंगीत लेझर प्रिंटर पानावर गुपचूप छापतात ते डोळ्यांना सहज न दिसणारे पिवळे ठिपके फक्त नकली नोटा पकडण्यासाठी असतात, त्यामुळे सामान्य माणसाने काळजी करू नये, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. निळ्या एलईडीच्या उजेडात भिंगाखाली कागद धरून बघा: कोऱ्या जागेतही हेच पिवळे ठिपके बारीक, काळपट दिसतील, तीच जाळी पानभर पुन्हा पुन्हा. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरची जाळी उलगडली, तेव्हा त्यात छपाईची तारीख, वेळ आणि यंत्राचा अनुक्रमांक सापडला. म्हणजे वरिष्ठांविरुद्ध निनावी तक्रार छापणाराही त्याच जाळीत अडकतो! विकताना हे कोणी सांगतं का? ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये जादा ठिपके मिसळून ही खूण झाकणारं सॉफ्टवेअर काढलंय, त्याचा उल्लेख तरी हवा होता.