वाडग्याची रुंदी बघून गाऊज घेऊ नका
"मोठा वाडगा तर मोठा गाऊज. शिकाऊ माणसानं थेट ५/८ इंची घ्यावा, पुन्हा खर्च नको. बाहेरून उतरवायला रफिंग गाऊजही चालतो, स्वस्त पडतो." लेथवर लाकडी भांडी कातणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर हा सल्ला सारखा फिरतो. गाऊज म्हणजे खोबणीदार दांड्याचं कातायचं हत्यार, आणि रफिंग गाऊज म्हणजे ओबडधोबड लाकूड आधी गोल करून घ्यायचा. परवा पेडण्याच्या एका मुलानं तोच पाठवून विचारलं, "काका, हाच घेऊ ना?" मी नको म्हटलं.

पहिलं म्हणजे, वाडग्याची रुंदी इथे बघायचीच नसते. हत्यार टूलरेस्टच्या, म्हणजे ते टेकवायच्या पट्टीच्या, पुढे किती निघतं, ते बघायचं. माझ्याकडे फणसाचं १२ इंच रुंद, २ इंच खोल ताट आहे. त्याच्या पसरट तोंडातून रेस्ट आत वळवता आला, धार जेमतेम दीड इंच पुढे होती. अर्धा इंची गाऊजनं ओल्या फणसाच्या लांब पिवळ्या ढलप्या काढल्या, मधूनमधून पात्यावरचा चीक तेवढा पुसावा लागला. उलट ५ इंची तोंडाचा, ५ इंचच खोल वाडगा घ्या. रेस्ट काठाबाहेरच राहतो आणि तळाशी पोचेपर्यंत हत्यार ५ इंच पुढे जातं. तिथे तोच गाऊज थरथरतो, लाकडावर लाटा उमटतात. म्हणजे जाड दांडा लागला तो लहान वाडग्याला!

हिशोब असा: गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणून ५/८ हा १/२ पेक्षा साधारण अडीचपट ताठ. पण वाक बाहेर निघालेल्या लांबीच्या घनानं वाढतो. लांबी दुप्पट झाली की वाक आठपट. जाड हत्याराआधी रेस्ट जवळ सरकवा.

आणि खोल वाडग्याच्या तळाशी निव्वळ जाडी कामाची नाही. ४० अंशांच्या धारेचा गाऊज तिथे बेव्हल, म्हणजे धारेमागचा उतार, टेकवू देत नाही, मूठ काठाला अडते. ६० अंशांच्या आसपासची बोथट धार हवी.

बरं, ५/८ कुणाचं? अमेरिकी पद्धतीत दांड्याचा व्यास मोजतात, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जुन्या पद्धतीत खोबणीचं माप सांगतात. ब्रिटिश अर्धा इंची गाऊजचा दांडा ५/८ इंच असतो, ब्रिटिश ३/८ चा अर्धा इंच. दुकानात व्हर्नियर लावा: १२.७ मिमी की १५.९, ते बघूनच पैसे द्या.

रफिंग गाऊजचा सल्ला मात्र धोकादायक आहे. तो लाटणं, खाटेचा पाय अशा कामासाठी, जिथे रेषे लेथच्या अक्षाला समांतर असतात. आपल्या कुंकळ्ळीचे चितारी कारागीर लाखकामाच्या फर्निचरचे पाय कातताना रेषे असेच धरतात. वाडग्याच्या ठोकळ्यात ते आडवे असतात, म्हणून प्रत्येक फेऱ्यात दोनदा रेष्यांची टोकं धारेवर आदळतात. वाडग्यासाठीचा बोल गाऊज सहसा अख्ख्या गोल सळईचा असतो. रफिंग गाऊजची मात्र मुठीत जाणारी शेपटी चपटी, बारीक असते, आणि धार अडकली की सगळा दणका तिथेच बसतो. मुठीपाशी काटकोनात वाकलेली अशी एक शेपटी मी हातात घेऊन पाहिली आहे. वापरणाऱ्याच्या मनगटाला टाके पडले होते. वाडग्यावर रफिंग गाऊज लावूच नका, बाहेरूनसुद्धा नाही.

मोठ्या हत्यारानं काम लवकर होतं, हेही लेथच्या जोरावर आहे. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या यंत्रावर जाड काप घेतला की पट्टा घसरतो.

त्या मुलाचा लेथ एवढाच आहे, १० इंचांपेक्षा रुंद काही त्यावर फिरत नाही. मी त्याला अर्धा इंच दांड्याचा, ५५ अंशांची धार असलेला गाऊज सांगितला आणि वाचलेल्या पैशांत धार लावताना कोन कायम धरणारा जिग. त्याच्या परसात पावसात पडलेल्या फणसाचा ओंडका आहे. त्याच्या टोकांना आजच मेण लाव म्हटलं, नाहीतर गणपतीच्या चवथीपर्यंत चिरा पडतील.