साप-पालींचे शुक्राणू जन्मतःच पोहत नाहीत

सापांविषयीचा एक मजकूर सध्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: साप-पाली थंड रक्ताच्या, वृषण पोटातच, म्हणून त्यांचे शुक्राणू तयार होताच पोहू लागतात. अधिवृषण, म्हणजे वृषणातून निघालेले शुक्राणू ज्यातून पुढे जातात तो भाग, ही नुसती नळी. मादीच्या पोटात ते वर्षानुवर्षे पोहत राहतात. आणि नराशिवाय ठेवलेल्या मादीला पिल्लं झाली, तर ती नराविना जन्मलेली.

‘तयार होताच पोहतात’: नाही. शुक्राणूच्या शेपटीतली यंत्रणा वृषणातच जुळते हे खरं. मधे दोन सूक्ष्मनलिका, भोवती नऊ जोड्या, आपल्या शुक्राणूंसारखीच. पण ती चालू झालेली नसते. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी हे आपल्या घराच्या भिंतीवरच्या, पिवळसर पोटाच्या पालीत तपासलं. निष्कर्ष १९९७ साली छापून आले. पुढे सरकण्याची क्षमता शुक्राणूंना अधिवृषणातून जाताना मिळते.

मग ती ‘नुसती नळी’ कशी? तिच्या अस्तरातून प्रथिनं स्रवतात. युरोपातल्या एका सरड्यात ही प्रथिनं शुक्राणूंच्या डोक्याला चिकटलेली आढळली. हा स्राव नराच्या संप्रेरकांच्या हुकमावर चालतो. विणीचा हंगाम सरला की अस्तर आक्रसतं, स्राव ओसरतो. नुसत्या नळीला हंगाम कशाला लागेल? राहिला वृषण पोटात असण्याचा मुद्दा. डॉल्फिनचेही पोटातच असतात, तरी त्याच्या अधिवृषणाचं काम सुटलेलं नाही.

‘वर्षानुवर्षे पोहत राहतात’ हे तर ऊर्जेच्या हिशेबातच बसत नाही. साठवण म्हणजे बहुतांशी शांत पडून राहणं. कॅनडातल्या मॅनिटोबात गार्टर साप वसंतात बिळाबाहेर येतात आणि लगेच मीलन करतात. त्या वेळी नर वापरतो ते शुक्राणू आदल्या उन्हाळ्यात बनलेले. सगळा हिवाळा ते शुक्रवाहिनीत पडून असतात. मादीत ही सोय अंडनलिकेच्या अस्तरातल्या बारीक खळग्यांत असते.

शेवटच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तोच जास्त फसवा. अमेरिकेत एका डायमंडबॅक रॅटलस्नेकच्या मादीला नरापासून वेगळी केल्यावर पाच वर्षांनी १९ पिल्लं झाली. जनुकीय तपासणीत बापाचा वाटा सापडला (२०११). म्हणजे ती साठवलेल्या शुक्राणूंची करामत होती. नराविना प्रजननही खरंच होतं. कुंडीच्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा आपला वाळा घ्या: त्या जातीत सगळ्या माद्याच. इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडो ड्रॅगन या महाकाय घोरपडींतही ते २००६ साली सिद्ध झालं.

यातलं नेमकं काय घडलं हे मादी किती काळ एकटी होती यावरून ठरत नाही, त्याला जनुकीय चाचणीच लागते. कोमोडोत मात्र पिल्लांच्या लिंगावरून अंदाज बांधता येतो. तिथे मादीची लिंग-गुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू, नराची दोन्ही झेड. नराविना वाढणाऱ्या अंड्यात मादीच्या या दोनांपैकी एकच गुणसूत्र दुप्पट होतं. दोन डब्ल्यूंचा गर्भ जगत नाही, त्यामुळे अशी पिल्लं सगळी नर निघतात. घोरपडीच्या या नातेवाइकाच्या वेतात एक जरी मादी दिसली, तरी आधी बाप शोधावा.