‘आजारपणात नवरा कळतो’: या फॉरवर्डला उत्तर

‘आजारपणात नवरा कळतो’ असं सुरू होणारा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. सोसायटीच्या महिला मंडळात आला, मग माहेरच्या ग्रुपवर, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. ज्यांना मधुमेह, थायरॉईड, वात, काही ना काही कायमचं मागे लागलंय अशा कितीतरी जणींनी त्याखाली हात जोडले. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याचं प्रेम खरं त्याला सांगावं लागत नाही, बायको आजारी पडली की नवरे सोडून जातात हे संशोधनाने सिद्ध झालंय, जो डॉक्टरकडे सोबत येत नाही तो तुमचा नाही, तेव्हा अपेक्षा शून्य करा, दुखणं मनात ठेवा आणि हसत राहा.

मला आमवात आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. मुलुंडला वन बीएचकेत आम्ही चौघं राहतो. हा मजकूर वाचून कुणीतरी रात्री नवऱ्याकडे पाठ करून रडली असणार, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलते.

‘खरं प्रेम असेल तर न सांगता कळतं.’ ताप अंगाला हात लावला की कळतो, प्लास्टर डोळ्यांना दिसतं. आमवात असा दिसत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि तिचा जोर रोज वेगळा असतो. सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, बोटं वळत नाहीत. दुधाची पिशवी कापायची तर कात्री हातात धरवत नाही, लायटरचा खटका दाबला जात नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत. तीच बाई अकरा वाजता भाजी चिरताना दिसते आणि संध्याकाळी भाचीच्या साखरपुड्याला पैठणी नेसून उभी असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवी. बघणाऱ्याने यातून काय ताडायचं? ‘काल तर बरी होतीस’ हे वाक्य जिव्हारी लागतं, मलाही लागतं. पण ते म्हणणारा दर वेळी संशयच घेत असतो असं नाही. काल जे दिसलं तेच तो बोलतो. अहो, रक्ताचे रिपोर्टसुद्धा फसवतात. आमवात असूनही कित्येकांची आरए फॅक्टरची, म्हणजे आमवात ओळखायला करतात ती रक्ततपासणी निगेटिव्ह येते, आणि ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, नॉर्मल असतानाही सांधे ठणकू शकतात. जे लॅबला पकडता येत नाही ते गर्दीच्या लोकलमधून घरी आलेल्या माणसाने चेहऱ्यावरून ओळखायचं, नाही ओळखलं तर त्याचं प्रेम खोटं, हा कुठला न्याय?

आमच्या घरात सकाळी मी दुखणं किती आहे त्याचा एक आकडा सांगते, शून्य ते दहामधला. सात म्हटलं की मुलांचे डबे नवरा भरतो आणि पोळ्या खालच्या पोळीभाजी केंद्रातून येतात. चार म्हटलं तर माझं मी बघते, त्याने मागे मागे फिरायचं नाही. ‘मला जरा समजून घे’ असं म्हटलं की बहुतेक नवरे गप्प होतात, कारण नेमकं उठून करायचं काय ते त्यांना उमगत नाही. ‘मशीनमधले कपडे तू दांडीवर घाल, पिळलेली चादर माझ्याने उचलत नाही’ म्हटलं की उठतात. सगळेच उठतात असं मी म्हणणार नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण मागितल्यावर मिळालेली मदत कमी दर्जाची, ही समजूत मनातून काढून टाका. मागितल्याशिवाय आपल्याला सुट्टी, बढती, माहेरचा हिस्सा यातलं काय मिळालंय?

दुसरा मुद्दा जास्त घातक, कारण त्यावर संशोधनाचा शिक्का आहे. अमेरिकेत 2009 साली ‘कॅन्सर’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. मेंदूतली गाठ, इतर कर्करोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूचा एक चिवट आजार) असलेले 515 रुग्ण त्यात होते. बायको रुग्ण असेल तर 20.8 टक्के जोडपी वेगळी झाली, नवरा रुग्ण असेल तर 2.9 टक्के. फरक मोठा आहे आणि तो दडपण्यात अर्थ नाही. मात्र याच आकड्यानुसार आजारी असलेल्या दर पाच बायकांपैकी जवळपास चौघींचे नवरे सोबत राहिले. शिवाय ते आजार वेगळे, तो देश वेगळा. ‘नवरे सोडून जातात’ असं सरसकट म्हणायला तिथे आधार नाही.

2015 मध्ये आणखी एक अमेरिकन अभ्यास गाजला: बायको गंभीर आजारी पडली तर घटस्फोटाची शक्यता वाढते. त्याची बातमी खूप फिरली. त्याच वर्षी तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला, कारण अभ्यासातून मध्येच गळालेली माणसं चुकून घटस्फोटित म्हणून मोजली गेली होती. हिशेब पुन्हा केल्यावर तो परिणाम फक्त बायकोच्या हृदयविकारापुरता उरला. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांपर्यंत हा दुसरा भाग पोचलेला दिसत नाही.

आणि आपल्याकडचं दुखणं घटस्फोटाच्या आकड्यांत सापडणारही नाही. आपल्याकडे लग्न कागदोपत्री टिकतं, बाईला ‘बरी झालीस की ये’ म्हणून माहेरी धाडतात. मुलीला लहानपणीच आजीचे पाय चेपायला बसवलं जातं, मुलाला फार तर केमिस्टकडे पाठवतात. चाळिशीत बायकोचं दुखणं समोर आल्यावर तो गडबडतो, तेव्हा या वाढवण्याचा दोष मोठा असतो. म्हणून त्याला सूट द्या असं मी म्हणत नाही. जे शिकवलं गेलं नाही ते आता शिकावं, आणि घरातल्यांनी त्याला ते शिकू द्यावं, सासूबाईंनीसुद्धा.

डॉक्टरकडे सोबत येण्याचं काय? परळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत ओपीडी सकाळची. केसपेपर, रांग, तपासणी, औषधाची खिडकी, यात अर्धा दिवस जातो. ज्याची रजा बिनपगारी आहे त्याने दर वेळी यावं हा हट्ट परवडणारा नाही. बहीण येते, मुलगी येते, मैत्रीण येते, ती सोबतही सोबतच असते. पण सुरुवातीला एकदा तरी त्याने डॉक्टरांसमोर बसावंच, आणि यावर मी ठाम आहे. आमवातात बहुतेकांना मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. रक्ताच्या पेशी आणि यकृत नीट आहे ना, हे बघायला ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. घरातल्या दुसऱ्या माणसाला हे पाठ हवं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ‘ही उगाच करते’ हा सूरही पुष्कळदा खाली येतो. यायला जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून फोन स्पीकरवर ठेवा. आमच्याकडे गोळीचा वार आणि तपासणीची तारीख ही नवऱ्याची जबाबदारी आहे. ज्याला सांत्वन करणं जमत नाही, अशा माणसाला असं एखादं काम मनापासून जमतं.

आता शेवटचा सल्ला. अपेक्षा शून्य करा, दुखणं मनात ठेवा, हसत राहा. या ओळीचा मला खरोखर राग येतो. जोडीदाराला त्रास नको म्हणून स्वतःची काळजी लपवत राहण्याच्या सवयीवर मानसशास्त्रात अभ्यास झाले आहेत. हृदयविकाराचा झटका आलेल्या पुरुषांच्या बायकांवर 1991 साली झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्या बायका अशी लपवाछपवी जास्त करत होत्या, त्यांचा स्वतःचा मानसिक ताण जास्त होता. हसरा चेहरा ठेवून दुखणं हलकं होत नाही, आणि समोरच्याला तर कळायचा रस्ताच बंद होतो. पुष्कळदा नवराही तेच करत असतो. घराचा हप्ता, मुलांच्या फिया, आणि मेडिक्लेममध्ये सहसा न बसणारा दर महिन्याचा औषधाचा खर्च, हे सगळं मनात ठेवून तो टीव्हीसमोर बसतो आणि आपल्याला वाटतं याला काही पडलेलीच नाही. दोघांपैकी कुणालाही बोलायला तिसरं माणूस हवं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवाही फोनवर समुपदेशन करते. नवऱ्याने एकट्याने फोन केला तरी चालतो.

मात्र न जमणारा नवरा आणि छळणारा नवरा यांत गल्लत करू नका. मी इथवर लिहिलं ते पहिल्यासाठी. सांगून, समजावून, डॉक्टरांसमोर बसवूनही जो चारचौघांत ‘नाटकं’ म्हणतो, तपासणीला जाऊ देत नाही, औषधाचे पैसे अडवतो, त्याला आकडे सांगून काही होणार नाही. गरजेचे पैसे अडवून धरणं हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे आर्थिक छळ आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. आणि मुंबईत ‘दिलासा’ आहे, घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठीची समुपदेशन केंद्रं. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयातून सुरू झालेली ही केंद्रं आता पालिकेच्या इतरही काही रुग्णालयांत आहेत. रुग्णालयातच असल्यामुळे औषधं आणायला निघालेली बाई घरी वेगळं काही न सांगता तिथल्या समुपदेशकाशी बोलून येऊ शकते.