स्कॉट कलिटा यांचा मृत्यू, हजार फुटांची शर्यत आणि ‘त्याला काय इलाज’ म्हणणारे

ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ पट्टीवर उभ्या जागेवरून सुटून थोडंसं अंतर पूर्ण जोरात कापण्याच्या शर्यतींच्या, चाहत्यांमध्ये एक म्हणणं वर्षानुवर्षं फिरतंय आणि आजही हिरिरीनं पुढे पाठवलं जातं. त्याचा गोषवारा असा: २००८ साली ड्रायव्हर स्कॉट कलिटा ट्रॅकवर गेले ते निव्वळ दुर्दैव, कोणाच्या हातात काही नव्हतं. ड्रायव्हर धोका पत्करूनच गाडीत बसतो. तरी एनएचआरए, म्हणजे अमेरिकेत या शर्यती भरवणारी मुख्य संघटना, घाबरली आणि तिनं पाव मैलाची (१,३२० फुटांची) शर्यत हजार फुटांवर आणली. त्यात खेळाचा आत्मा गेला. आणि वेग तर पुन्हा होता तिथं आलाच, मग ३२० फूट कापून मिळवलं काय?

यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून ते शेवटी घेतो. बाकीचं सगळं चूक आहे, आणि ते मान्य केलं की पुढचा मृत्यूही आपण आधीच माफ करून टाकतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

“ते दुर्दैव होतं”

२१ जून २००८. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनचा ओल्ड ब्रिज टाउनशिप रेसवे पार्क, सुपरनॅशनल्स स्पर्धेची पात्रता फेरी. कलिटा ४६ वर्षांचे. १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षं ते टॉप फ्युएल, म्हणजे लांबलचक, उघड्या ड्रॅगस्टर गाड्यांच्या गटाचे विजेते होते, आता फनी कार, म्हणजे वरून नेहमीच्या मोटारीसारखं कवच असलेली गाडी, चालवत होते. अंतिम रेषेच्या सुमारास, ताशी जवळपास ३०० मैलांच्या म्हणजे ४८० किलोमीटरच्या वेगात, इंजिनचा स्फोट झाला आणि गाडी पेटली. पॅराशूटांनी गाडीला आवर बसला नाही. वेग उतरवण्यासाठी राखलेली सगळी जागा मागे टाकून गाडी टोकाच्या वाळूत शिरली, वाळूतही थांबली नाही, आणि पलीकडच्या भक्कम अडथळ्यावर आदळली. मागे पत्नी आणि दोन मुलगे राहिले.

आता यातला दुर्दैवाचा भाग नेमका कोणता? इंजिन फुटणं? नायट्रोमिथेन या जहाल इंधनावर चालणारं, सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन काही सेकंदांत हजारो अश्वशक्ती ओकतं आणि प्रत्येक धावेनंतर ते उघडून पुन्हा बांधावं लागतं. अशी इंजिनं फुटतात, हे त्या पिटमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते फुटणार असं गृहीत धरूनच इनटेक मॅनिफोल्डवर दाबानं फाटणारा बर्स्ट पॅनेल बसवलेला असतो. फनी कारमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या पुढे आणि पॅराशूट गाडीच्या मागच्या टोकाला असतात. पुढे आग लागली की ती वेगामुळे मागेच ओढली जाते. यातलं काहीच अनपेक्षित नव्हतं.

थोडं गणित करू. ताशी ४८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ मीटर. पॅराशूट आणि ब्रेक मिळून सरासरी चार जी (गुरुत्वाकर्षणाच्या चौपट) इतका आवर घालतात असं धरलं, तर गाडी साधारण २३० मीटरमध्ये थांबते. पॅराशूट गेले आणि नुसत्या ब्रेकवर जेमतेम एक जी मिळाला, तर ९०० मीटरहून जास्त जागा लागते. इंजिन फुटलेल्या, पेटलेल्या गाडीत एक जी मिळेल याचीही खात्री नसते. म्हणजे पॅराशूट नसले तर काय होईल, हे कागदावर आधीच मांडता येत होतं. आणि टोकाला जे काही अचल उभं होतं, ते तिथं माणसांनीच उभं केलं होतं. माणसांनी उभं केलेलं माणसांना हलवता येतं.

अपघातानंतर खुद्द एनएचआरएनं कुठल्या गोष्टी तपासायला घेतल्या? इंजिनं फुटण्याचं प्रमाण कसं कमी करायचं, पॅराशूट गाडीला कसे जोडायचे, ब्रेक सुधारता येतील का, आणि आवर सुटलेली गाडी आणखी कशानं अडवता येईल. पुढे नायट्रो गाड्यांत अशी यंत्रणा सक्तीची झाली की बर्स्ट पॅनेल फाटला की इंधन आपोआप बंद होतं आणि पॅराशूट आपोआप सुटतात. स्फोटात ड्रायव्हर शुद्धीवर नसला, त्याचा हात लिव्हरपर्यंत पोचला नाही, तरी गाडी स्वतःला थांबवू लागते. ज्या गोष्टीवर नंतर उपाय निघाला, तिला ‘काही करता आलं नसतं’ असं म्हणायचं तरी कसं? उपाय उशिरा झाला, एवढंच खरं.

“ड्रायव्हरनं धोका पत्करलेलाच असतो”

या वाक्यानं मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण ते ड्रायव्हरच्या धैर्याचा मान ठेवल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात त्याला वाऱ्यावर सोडतं.

एरिक मेडलेन यांचं बघा. १९ मार्च २००७ रोजी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथं ते फनी कारची चाचणी घेत होते. मागच्या एका टायरमध्ये बिघाड झाला आणि गाडी भयंकर हादरू लागली. त्या हादऱ्यांत त्यांचं डोकं रोल केजमध्ये, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्यात, दोन्ही बाजूंना आपटत राहिलं. चार दिवसांनी, २३ मार्चला, मेंदूच्या इजेमुळे ते गेले. भिंतीवर आदळण्याचा धोका प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होता, आगीचाही. पण टायरची थरथर एवढी वाढेल की तीच जीव घेईल, ही कल्पना तोवर गाड्या बांधणाऱ्यांनाही नव्हती. जो धोका कोणालाच माहीत नव्हता, तो एरिक यांनी पत्करला कधी?

त्यांचे वडील जॉन मेडलेन हेच त्यांचे क्रू चीफ, म्हणजे गाडी सांभाळणाऱ्या चमूचे प्रमुख होते. मुलगा गेल्यावर ते घरी बसले नाहीत. संघाचे मालक जॉन फोर्स यांच्याबरोबर त्यांनी नेमक्या याच प्रश्नावर काम सुरू केलं. डोक्याभोवतीचा केज रुंद झाला, त्यावरचं पॅडिंग जाड झालं, पट्टे बदलले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला टेक्सासमध्ये खुद्द फोर्स यांच्या गाडीचे धावता धावता दोन तुकडे झाले. हातापायांना जबर इजा झाली, पण ते वाचले, आणि एरिक यांच्या मृत्यूनंतर केलेल्या बदलांना त्यांनी त्याचं श्रेय दिलं. २०१० साली, वयाची साठी ओलांडल्यावर, ते पुन्हा फनी कारचे विजेते झाले.

त्याआधी २००४ मध्ये टॉप फ्युएलचे डॅरेल रसेल असेच गेले होते. टायर फाटला आणि त्याचे अवशेष कॉकपिटमध्ये घुसले. त्यानंतर ड्रायव्हरच्या डोक्यामागे टायटॅनियमचं कवच आलं. ते आधी का नव्हतं, हा प्रश्न रसेल यांनी विचारायचा होता का?

शिवाय धोका नेहमी गाडीत बसलेल्याच्याच वाट्याला येतो असंही नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये ॲरिझोनात अँट्रॉन ब्राउन यांच्या ड्रॅगस्टरचं चाक निखळून उडालं आणि एक प्रेक्षक बाई मृत्युमुखी पडल्या. त्या तिकीट काढून शर्यत बघायला आल्या होत्या.

“सुरक्षिततेनं खेळाचा आत्मा जातो”

यावर फार लिहायची गरज नाही, ड्रायव्हर डॉन गार्लिट्स यांचं नाव पुरे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्यांच्या पुढ्यातला गिअरचा भाग फुटला आणि उजव्या पावलाचा तुकडा गेला. तोवर ड्रायव्हर इंजिनच्या मागे बसत असे. त्यांनी इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं. असे प्रयोग आधी फसले होते, त्यामुळे लोकांचा विश्वास नव्हता. १९७१ मध्ये त्याच गाडीनं त्यांनी पोमोनाची विंटरनॅशनल्स स्पर्धा जिंकली, आणि काही वर्षांत टॉप फ्युएलमधून जुनी रचनाच नाहीशी झाली. आज ज्या लांबलचक ड्रॅगस्टरला आपण या खेळाची ओळख मानतो, ती त्या जखमी पावलातून आली आहे.

“३२० फुटांनी काय फरक पडतो?”

आता अर्ध्या खऱ्या मुद्द्याकडे. जुलै २००८ मध्ये टॉप फ्युएल आणि फनी कार यांची शर्यत १,३२० ऐवजी १,००० फुटांची झाली. तेव्हा हा निर्णय तात्पुरता म्हणून जाहीर झाला होता, तो कायम राहिला. प्रो स्टॉक आणि इतर बरेच गट आजही पाव मैलच धावतात. वेग परत आला, हे अगदी खरं. २००५ मध्ये टोनी शूमाकर यांनी पाव मैलावर ताशी ३३७.५८ मैल गाठले होते. २०१७ मध्ये रॉबर्ट हाइट यांनी हजार फुटांतच ३३९.८७ गाठले. म्हणजे अंतर कमी करून वेग बांधून ठेवता आला नाही. ज्यांना वाटतं की हजार फूट केले आणि काम संपलं, तेही चुकतात.

पण यावरून ‘पाव मैल परत आणा’ हा निष्कर्ष निघतो कसा? हजार फुटांत ३४० मैलांना भिडणारी गाडी आणखी ३२० फूट पूर्ण जोरात धावली, तर ती आणखी वेगानं अंतिम रेषा ओलांडेल, आणि थांबायला जागा ९८ मीटरनं कमी उरेल. इंजिनवर सर्वांत जास्त ताणही त्याच शेवटच्या टप्प्यात येतो. अनेक जुने ट्रॅक बांधले गेले तेव्हा गाड्या आजच्या निम्म्या-दोन तृतीयांश वेगानं धावायच्या. पुढे कुठे रस्ता आहे, कुठे दुसऱ्याची जमीन आहे, ट्रॅक लांबवायला जागा नाही. सुरुवातीची रेषा हलवता येत नव्हती, टोक हलवता येत नव्हतं, म्हणून अंतिम रेषा अलीकडे आणली. एका रात्रीत लागू करता येईल असा त्या वेळी एवढाच उपाय होता, आणि तो बरोबर होता.

तेवढाच पुरेसा नव्हता, हे त्याच इंग्लिशटाउननं दाखवलं. जून २०१० मध्ये, कलिटा यांच्यानंतर दोनच वर्षांनी, तिथंच टॉप अल्कोहोल फनी कार गटाचे नील पार्कर पात्रता फेरीत मरण पावले. त्या गटासाठी अंतर कमी झालंच नव्हतं. २०१८ साली त्या पार्कनं ड्रॅग रेसिंग बंद केलं.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत. तिथल्या गाड्या या वेगाच्या जवळपासही नाहीत, पण मराठी चाहतेही हाच मजकूर पुढे पाठवतात, म्हणून एक विचारायचंय. पाव मैल परत हवा असेल, तर आधी हे सांगा: ताशी ३४० मैलांच्या वर गेलेली, इंजिन फुटलेली, पॅराशूट जळालेली गाडी तुम्ही कुठे आणि कशानं थांबवणार? वाळू किती लांब, टोकाला गाडी अडवणारी जाळी कशाला बांधलेली, जाळीच्या मागे काय? याचं उत्तर मीटरमध्ये द्या, मग अंतराबद्दल बोलू.