कोयत्याची धार आन माझा डावा हात

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करायचा आन तिथंच जेवायचा आमचा सण, चार दिवसांवर आली की आमचं निम्मं लातूर शेताकडं पळायच्या तयारीत असतंय, आन मला यंदा काय किडा चावला काय माहीत, म्हणलं शेतातल्या कोयत्याला आपणच धार लावायची. कोयता आजोबाचा, ट्रकच्या कमानपाट्याचा. धार अशी की लहान लेकराच्या हातात बिनघोर द्यावा.

ग्राइंडरवर दहा मिनिटांत झालं असतं, पण त्याच्यावर लोखंड तापतंय, धार निळी पडली की लोहारानं दिलेलं पाणी उतरलं, म्हणजे लोखंडाचा कडकपणा गेला म्हणून समजा. मग ऑनलाइन दगड मागवला, एकीकडून 400 नंबर म्हणजे खरबरीत, एकीकडून 1000 म्हणजे बारीक. वापरायच्या आधी बुडबुडे थांबेस्तोवर पाण्यात बुडवून ठेवायचा म्हणे. आईनं बादलीत डोकावलं.

"काय करलालास रे?"

"दगडाला पाणी पाजलालाव."

2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलतं, तवापासून आई भाज्या धुतलेलं पाणीबी कुंडीत टाकती. तिला हे असं सांगायचं नसतंय.

बरं, व्हिडिओतली सुरी सरळ आन आपला कोयता आतून वाकडा, सपाट दगड त्याच्यात बसंना. शेवटी कोयता मांडीखाली दाबला आन दगडाची कड त्याच्यावरून फिरवत बसलो. एका बाजूनं घासलं की दुसऱ्या बाजूला बारीक कड उलटती, बोटाला खरखर लागती, मग बाजू बदलायची, परत खरखर, परत बाजू, असे अडीच तास, कंबर धरली, मांडी बधिर, पण धार 15 अंशाची, पातळ, एकदम फॉरेनसारखी! डाव्या हातावरून नुसता टेकवत नेला तर केस साफ. मग काय, शेजारी आला त्याला दाखव, दूधवाला आला त्याला दाखव.

शेतात गेल्यावर पहिलाच घाव बाभळीच्या फांदीवर घातला आन धारंला तीन दाते पडले.

तात्यांनी कोयता उन्हात धरून बघितला. "आरं बाभळ तोडायची हाय का तिची दाढी करायची हाय? घाव घालायच्या हत्याराला धार जाड ठिवावी लागती."

मग कानस काढली, दाते निघेस्तोवर आडवी फिरवली, कोयता जरा उभा धरून दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस हात मारले, तंबाखू मळली. झालं. त्याच कोयत्यानं फांदी एका घावात खाली.

येळवसाला मी फुल बाह्याचा शर्ट घालून भज्जी खाल्ली. बाही आंबिलात बुडली तरी वर केली नाही.