गाडीतून पेट्या उतरवायला लावणारा माणूस

चांगला कामगार कसा असावा, यावरच्या एका लेखात वक्तशीरपणा, संवादकौशल्य, संघभावना वगैरे गुण दिलेत. चूक काही नाही, पण आमच्या आंब्याच्या शेडमध्ये हे सगळं असूनही माणूस नकोसा होऊ शकतो. रत्नागिरीजवळ आमचं पॅकिंग चालतं. मागच्या एप्रिलात वाशीच्या घाऊक बाजाराला जाणारी गाडी भरून झाली, ताडपत्री बांधून झाली, आणि पेट्या भरणारा एक पोरगा आला. "दादा, शेवटच्या सात पेट्या मी भरल्यात. देठ मोडलेली फळं गेली असणार, उजेड कमी होता."

ड्रायव्हर जाम वैतागला. मीही, खरं सांगायचं तर. उतरवल्या. दोन पेट्यांत निघाली तशी फळं, चीक सालीवर ओघळलेला. हापूसचा चीक लागला की साल काळी पडते. 2018 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे अस्सल कोकणचा हापूस ही अधिकृत ओळख, तो डाग पुसत नाही, आणि वाशीत अख्ख्या पेटीचा भाव पडतो.

शेजारीच उभ्या असलेल्या दुसऱ्याने ती फळं भरताना पाहिली होती. रोज आठच्या ठोक्याला हजर असतो तो. बोलला नाही. "माझं काम नव्हतं ते."

आणि हा पोरगा? शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा चार दिवस गायब. पण आठवडा आधी सांगतो आणि बदली म्हणून चुलतभावाला आणून उभा करतो, कामही स्वतःच शिकवतो. यंदा प्रतवारी त्याच्याकडे दिलीय, रोजही वाढवलाय. ड्रायव्हर अजून त्याच्याशी धड बोलत नाही.