कमरेचा पट्टा नको, रॅक बदला

दिवाळी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या मोठ्या स्टोअरांमध्ये माल लावायला खेड्यांवरची पोरं-पोरी भरतात. पहिल्या दिवशी ट्रेनिंगमध्ये सांगतात, गुडघ्यात वाका, कंबर ताठ ठेवा. झालं ट्रेनिंग. पुढे कंबर धरली की बोल पोराला: "नीट वाकला नसशील भो."

मी काही वर्षं असल्याच फ्लोअरवर काढली आहेत. तिथं तांदळाचे कट्टे, आट्याच्या पिशव्या, तेलाचे १५ लिटरचे डबे कायम सगळ्यात खालच्या फळीवर, जमिनीलगत. जास्तीच्या पेट्या पार वर, शिडी लावून. आणि मधली, छातीपर्यंतची फळी? ती शाम्पू-बिस्किटांना, कारण गिऱ्हाइकाची नजर तिथं जाते. उचलायला जी जागा सगळ्यात सोयीची, तिथं सगळ्यात हलका माल. वर मे महिन्यात दुकानात एसी आणि गोडाऊनवर पत्रे, ते आपल्या खान्देशात काय असतं ते सांगायला नको.

वजन उचलण्याचं एक सूत्र अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेनं १९९१ मध्ये सुधारून दिलं. ओझं अंगालगत, साधारण ७५ सेंटिमीटर उंचीवर, धरायला चांगली मूठ, कंबर न वळवता, तेही अधूनमधूनच, असं सगळं जुळलं तर मर्यादा २३ किलो. तेच ओझं घोट्यापासून ५० सेंटिमीटर लांब गेलं की ती निम्मी होते, साडेअकरा. त्यात जमिनीवरून उचलायचं असेल तर ९ किलोच्या आत. तेलाचा भरलेला डबा भरतो १४ किलोच्या आसपास. आणि तो फळीच्या आतून ओढून काढायचा म्हणजे हात लांब जाणारच. गुडघे वाकवायला जा, ते फळीच्या कडेला अडतात आणि डबा आणखी लांब राहतो. शिकवलेलं पाळायचं कुठं?

मग येतो पट्टा. कमरेला रुंद बेल्ट बांधला की कंपनीनं काळजी घेतली, असा समज. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकान-साखळीच्या १६० नव्या स्टोअरांत माल हाताळणाऱ्या ९,३७७ जणांवर दोन वर्षं पाहणी झाली, निष्कर्ष २००० साली छापून आले. बेल्टनं ना पाठदुखी कमी झाली, ना दुखापतीचे दावे.

कायद्याचंही तसंच. इजा होईल इतकं जड ओझं उचलायला लावू नये, असं १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३४ सांगायचं; २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवी कामगार संहिता आली. पण ते कलम होतं कारखान्यापुरतं. माथाडी-हमालांसाठी १९६९ चा कायदा आहे, तो त्यांनी लढून मिळवला. गळ्यात आयकार्ड आणि अंगात टी-शर्ट असला की आपण हमाली करतो हे आपल्या पोरांनाच पटत नाही, लढणं तर लांबच.

खर्च फार नाही. डब्यांखाली रिकामे पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, रचून माल मांडीच्या उंचीवर आणा. उंची वर-खाली होणारी ट्रॉली घ्या. जड पेट्या वरच्या फळीवर चढवणं बंद करा.

मॅनेजर म्हणेल, मांडणीचा नकाशा हेड ऑफिसातून येतो, माझ्या हातात काही नाही. खरंय त्याचं. मग नकाशा काढणाऱ्या साहेबांना दिवाळीआधीच्या शनिवारी इकडे पाठवा. तेलाची गाडी आली की डबे त्यांनी लावायचे.